दिवाणखान्यातले देव

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक ब्राँझची मूर्ती आहे. उंची वीतभरही नाही. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकाच्या मध्यावर खोदकामे झाली. त्यांतले १९४५-४६चे उत्खनन ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केले. ब्रह्मपुरीच्या या खोदकामांतून रोमन घडणीच्या इतर धातूच्या वस्तूंबरोबर ही मूर्ती वर आली. सातवाहनांच्या काळात कोकणच्या बंदरांवर उतरलेला माल घाट चढून इथवर पोचत होता, याचा पुरावा म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना तिचे मोल वाटते. धर्माचा विचार करणाऱ्याला मात्र तिच्याकडे पाहून वेगळाच प्रश्न पडावा. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे आणि समुद्राचा देव ब्रह्मपुरीच्या वस्तीत. तो इथे काय करत होता? त्याला कुणी फूल वाहत होते, की परदेशी कारागिरीचा नमुना म्हणून कोनाड्यात ठेवून पाहुण्यांना दाखवत होते? नेमका उलटा प्रवास केलेली एक वस्तू इटलीत आहे. पाँपेईच्या एका घरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ते शहर इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीची. तिला आधी लक्ष्मी म्हटले गेले, नंतर यक्षी. तिच्याशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. तिच्या डोक्यात वरून पाडलेले भोक आहे. त्यावरून ती छोट्या मेजाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी, असा तर्क केला जातो. तो खरा असेल, तर एका देशाने जिच्या रूपात मांगल्य पाहिले तिला दुसऱ्या देशाने फर्निचरला जुंपले होते. पोसायडनच्या बाबतीत आपण त्याहून वेगळे वागलो होतो, असे ठामपणे सांगता येत नाही.

वस्तूकडे नुसते पाहून ती देव आहे की शोभा हे कळत नाही, एवढे या दोन मूर्तींवरून नक्की ठरते. मग कशावरून कळते? हा प्रश्न आज केवळ पुरातत्त्वाचा राहिलेला नाही. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी इथे नवे फ्लॅट सजतात तेव्हा घरमालक आणि सजावटकार दोघांच्याही तोंडी एकच मागणी असते : घरात आपली संस्कृती दिसली पाहिजे आणि आपली आवडही. मग उतरवलेल्या वाड्याची गणेशपट्टी टीव्हीच्या वर बसते, पितळी समया सोफ्याच्या दोन अंगांना उभ्या राहतात, खंडोबाचा जुना टाक काळ्या मखमलीवर चौकटीत जातो आणि जिन्याच्या वळणावर बुद्धाचे शिर येते. यात वाईट ते काय, असे कुणीही विचारील, विचारावेच. कुणाचे घर कसे असावे हे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही आणि या लेखालाही तो नको आहे. प्रश्न दाव्याचा आहे. या सजावटीने संस्कृती दिसते, असा जो दावा केला जातो तो तपासून पाहण्यासारखा आहे. माझ्या मते तो टिकत नाही. आपल्या घरगुती धर्मात सजावट ही देवाची करायची गोष्ट होती. आता देव सजावटीचे साहित्य झाला आहे आणि सजतो तो घरमालक. ही दिशा फिरली की त्या वस्तूचा आपल्यावरचा हक्क संपतो, आणि ज्या वस्तूचा आपल्यावर काही हक्क नाही तिला वारसा म्हणण्यात अर्थ उरत नाही.

षोडशोपचार पूजेत आवाहन आणि आसनापासून विसर्जनापर्यंत जे उपचार आहेत, त्यांत वस्त्र आहे, गंध आहे, फुले आहेत, अलंकारही आहेत. म्हणजे सजवणे हे पूजेचे एक अंगच आहे. पूजा झाल्यावर वेळ उरला म्हणून करायचे काम नव्हे. अंबाबाईच्या मंदिरात नवरात्रात रोज वेगळी अलंकारपूजा बांधली जाते. ललितापंचमीला देवी त्र्यंबोलीच्या भेटीला निघते, अष्टमीला महिषासुरमर्दिनीच्या रूपात दिसते. श्रीपूजकांनी तासन् तास खपून बांधलेली ती पूजा दुसऱ्या दिवशी उतरते. घरांतही तेच. चैत्रगौरीपुढची आरास हळदीकुंकवापुरती, गणपतीचे मखर दीड, पाच किंवा दहा दिवसांचे. कोल्हापूर भागात गौर येते ती तेरड्यासारख्या रानवनस्पतींची जुडी होऊन. बायका ती पाणवठ्यावरून वाजतगाजत आणतात, मागोमाग शंकरोबा येतो आणि मग सगळी मंडळी पुन्हा पाण्याकडे जातात. इतकी साधी पाल्याची जुडी, पण तिच्यासाठी घरातली उत्तमातली उत्तम साडी निघते. उंबऱ्यापुढची रांगोळी तर दुपारपर्यंत पायांखाली जाते. या सगळ्यात स्वतःच्या आवडीला वाव नव्हता असे समजण्याचे कारण नाही. कुणाच्या घरची गौर देखणी, कुणाच्या हातची रांगोळी रेखीव, याची चर्चा आळीभर होत असे आणि त्यात हेवेदावेही असत. हौस होती, मिरवणे होते, आता तर घरगुती आरास स्पर्धांची बक्षिसेही आहेत. पण त्या हौसेला एक धनी होता आणि एक मुदत होती. देव आला म्हणून घर सजे. देव गेला की आरास उतरे. कायमची शोभा म्हणून काही उरत नसल्यामुळे दरवर्षी पुन्हा खपावे लागे. वारसा चालू राहायचा तो या पुन्हापुन्हाच्या खपण्यातून.

टाकांची गोष्ट त्याहून बोलकी आहे. चांदीच्या किंवा पितळेच्या पत्र्यावर ठसा उठवून केलेले हे कुलदैवतांचे टाक : खंडोबा, भवानी, जोतिबा, शिवाय कुठे कुठे घरातल्या वीराचा टाक. घरात लग्न झाले, भाऊ वेगळे झाले की नव्या घरासाठी नवे टाक घडवायचे. ते जेजुरीला किंवा जोतिबाच्या डोंगरावर देवभेटीला न्यायचे आणि मग देव्हाऱ्यात बसवायचे. पिढ्यान् पिढ्यांच्या स्नानाने आणि घासण्याने टाक झिजतात. नाक जाते, डोळे जातात, शेवटी घोड्यावर कुणीतरी बसले आहे एवढेच बोटाला लागते. पूजा करणाऱ्याच्या दृष्टीने तो टाक कमी झालेला नसतो. फारच झिजला तर विसर्जन करून नवा घडवतात आणि पूजा पुढे चालू राहते, कारण चालवायची असते ती पूजा. जुन्या वस्तूंच्या बाजारात हिशेब उलटा आहे. तिथे ठसा स्पष्ट असलेल्या टाकाला भाव; जुनेपणाचा रंग हवा, पण चेहरा शाबूत हवा. एकाच टाकाकडे पाहणाऱ्या या दोन नजरांमध्ये पसंतीचा फरक नाही, नात्याचा आहे. एकीला त्या टाकासाठी रोज काहीतरी करावे लागते. दुसरीसाठी टाकच काहीतरी करत असतो : भिंतीला उठाव आणतो, घरमालकाच्या रसिकतेची ग्वाही देतो आणि संध्याकाळच्या गप्पांना विषय पुरवतो.

घरातला देव ही उचलून कुठेही ठेवण्याची चीजवस्तू आहे का, हा प्रश्न एकदा थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. कलकत्त्याच्या मलिक घराण्याचा कुलदेव होता आणि त्याच्या पूजेच्या पाळ्या वंशजांत वाटलेल्या होत्या. आपल्याकडच्या गावांत असतात तशाच. आपल्या पाळीच्या काळात देव स्वतःच्या घरी हलवता येईल, असे एका वंशजाचे म्हणणे. १९२५च्या निकालात न्यायाधीशांनी ते मान्य केले नाही. मूर्ती ही नुसती जंगम मालमत्ता नाही, तिने कुठे राहायचे याबाबत तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे आणि तिची बाजू मांडायला वादाशी हितसंबंध नसलेला माणूस नेमला पाहिजे, असे त्यांनी ठरवले. लंडनमध्ये बसलेल्या मंडळींनी देवाला इच्छा असते असे धरून चालावे, याची गंमत वाटते खरी. पण त्यांनी धर्मशास्त्राचा पाठ गिरवला नव्हता. घरात प्रत्यक्ष जे चालते ते ओळखले होते. देवाची वाटणी होत नाही, पाळी होते. घर देवाचे मालक नसते, देवाचे देणे लागत असते. आपल्या परंपरेत वारसा बहुधा असाच कल्पिला आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणे डोक्यावर घेऊन माणूस जन्माला येतो. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, ही समजूत तर कायद्यातही होती आणि २००५च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणेनंतर ती कायद्यातून गेली. कर्जाच्या बाबतीत हे योग्यच झाले. संस्कृतीच्या बाबतीत मात्र आपण मिळकत तेवढी घेतो आणि देणे नाकारतो, आणि त्यालाच सुंदर घर म्हणतो.

हा बदल फ्लॅटसंस्कृतीने आणला असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्याची पाळेमुळे निदान १८९४पर्यंत जातात. त्या वर्षी राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी, सरस्वती, दत्त, राम एकदम भिंतीवर आले. कोल्हापुरात जन्मलेले रावबहादूर धुरंधर यांच्यासारखे चित्रकारही छापील चित्रांच्या त्या लाटेत होते. पुढे छापखाना श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला, आणि तीच लक्ष्मी गिरण्यांच्या कापडाच्या ताग्यावर, दिनदर्शिकेवर, जाहिरातीच्या चिठ्ठीवर जाऊन बसली. देव मालाची शोभा वाढवू लागला तो तेव्हा. पण त्या वेळच्या घरांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. बायकांनी त्या छापील देवींना जर लावली, टिकल्या लावल्या, मोत्यांचे दागिने शिवले. चौकटीला हार घातला, पुढे उदबत्तीचे घर ठेवले. यंत्रातून निघालेल्या, हजारो प्रतींतल्या एका कागदाला त्यांनी पुन्हा सजवायला घेतले. बाजाराने शोभेची वस्तू म्हणून विकलेली गोष्ट घराने देव करून घेतली. म्हणून वस्तू जुनी की नवी, हाताची की यंत्राची, अस्सल की नक्कल, हा वाद मला दुय्यम वाटतो. शंभर वर्षांचा अस्सल टाक चौकटीत गेल्यावर शोभा होऊ शकतो आणि चार आण्यांचा छापील कागद देव होऊ शकतो.

यावर पहिला आक्षेप भक्तिमार्गाकडून येईल, आणि तो वजनदार आहे. देव सर्वत्र आहे. भाव असला की तो सोफ्याशेजारीही आहे आणि भाव नसला तर देव्हाऱ्यातही नाही. तेव्हा जागेचा आणि उपचाराचा एवढा बाऊ कशाला? संतांनी कर्मकांडावर जे कोरडे ओढले त्यांचे बळ या आक्षेपामागे आहे. मला तो मान्य आहे, पण तो सजावटीच्या बाजूने साक्ष देत नाही. भाव आतच असतो हे ज्याला पटले त्याला संस्कृती भिंतीवर दिसण्याची निकड भासू नये. घरातून आमचा वारसा दिसावा असा हट्ट धरणारा माणूस आतल्या भावावर संतुष्ट नाही, हे त्याच्या हट्टावरूनच कळते. दुसऱ्या टोकाकडून नास्तिक विचारील : मी देव मानत नाही, मला त्या मूर्तीची रेषा आवडते, मी हक्क कुणाचा मानू? त्याला उत्तर द्यायला आपल्याच परंपरेतले कडवे कर्मवादी मीमांसक पुढे येतात. शबरस्वामींसारख्या मीमांसकांनी देवतेला शरीर नाही, ती खात नाही, तिच्या मालकीचे काही असू शकत नाही, असे निक्षून मांडले. देवाचे गाव असे लोक म्हणतात ते केवळ बोलण्याची रीत म्हणून, असे त्यांचे मत. पण देवतेला एवढे रिकामे करूनही त्यांनी कर्तव्य सोडले नाही. उलट सगळा भार कर्मावरच टाकला. म्हणजे बांधिलकीसाठी श्रद्धा असलीच पाहिजे असे नाही. देव न मानणारा माणूसही जुनी मूर्ती घरात आणताना ती कुठल्या गावची, कुणाच्या देव्हाऱ्यातली, घराबाहेर का पडली, हे विचारू शकतो आणि त्या उत्तराला बांधील राहू शकतो.

याहून अवघड आक्षेप जातीच्या अंगाने येतो, आणि कोल्हापुरात बसून लिहिणाऱ्याने तो टाळू नये. बांधिलकी, कुळाचार, पूजेचा अधिकार असे शब्द ऐकायला भारदस्त वाटतात, पण याच शब्दांनी कितीतरी माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवले. वेदोक्त प्रकरण याच शहरात घडले. खुद्द छत्रपतींना मंत्राचा अधिकार नाकारला गेला, मग इतरांची काय कथा? पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७मध्ये उपोषणाला बसावे लागले. ज्यांना देवळात जाता येत नव्हते त्यांच्या घरी छापील चित्रातून देव आला, ही मुक्तीच होती. आज कुणीही कुठलीही मूर्ती विकत आणून कुठेही ठेवू शकतो, हे स्वातंत्र्य त्या मुक्तीचेच पुढचे पाऊल नाही का? आहे, आणि ते मागे घ्यावे असे कुणाही शहाण्याला वाटणार नाही. पण त्या छापील चित्रापुढे दिवा लावणाऱ्याने देव सजावटीसाठी आणला नव्हता. नाकारलेले नाते जोडण्यासाठी आणला होता. उलट आजची वारसा-सजावट हा उंबऱ्याचा इतिहासच पुसून टाकते. कोल्हापुरी चप्पल चौकटीत घालून भिंतीवर लावण्याची टूम निघाली आहे. ज्या चर्मकारांच्या हातांनी ही कला जपली त्यांना त्याच प्रकारच्या घरांत कालपरवापर्यंत ओटीच्या पुढे येऊ दिले जात नव्हते. भिंतीवरची चप्पल त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. या चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५मध्ये मिलानमध्ये प्राडाने तशाच घडणीच्या चपला कोल्हापूरचे नाव न घेता दाखवल्या तेव्हा आपण चिडलो, आणि त्या चिडण्याने कंपनीला मूळ मान्य करावे लागले. तो राग रास्त होता. मात्र तोच नियम आपल्या दिवाणखान्याला लावला तर किती घरांना श्रेय देता येईल?

बुद्धाच्या शिराचे तर विशेषच आहे. १४ ऑक्टोबर १९५६नंतर महाराष्ट्रातल्या लक्षावधी घरांत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आली. तिथे होते ती वंदना. पूजा हा शब्द त्या घरांना चालेलच असे नाही, आणि सजावट हा तर नक्कीच चालणार नाही. त्या मूर्तीमागे एका माणसाने घेतलेल्या आणि मग समूहाने पाळलेल्या बावीस प्रतिज्ञा आहेत. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर शांततेचा आभास निर्माण करायला बुद्धाचे नुसते शिर ठेवलेले असते. धडावेगळे शिर सुंदर दिसते ही दृष्टी आशियातल्या मूर्ती तोडून शिरे युरोप-अमेरिकेच्या बाजारात नेणाऱ्यांनी घडवली. आपल्याकडे तर खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या माणसाला ते शिर पाहून काय वाटत असेल, हे वरच्याला विचारावेसेही वाटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती एक वस्तू आहे. आवड ही खाजगी बाब आहे हे मान्य. पण जी खूण दुसऱ्यांची बांधिलकी आहे ती आपली आवड म्हणून वापरली की मामला तितकासा खाजगी राहत नाही.

बायकांच्या बाजूने येणारा आक्षेप थोडक्यात सांगता येतो आणि त्याला दिलेले उत्तरही थोडकेच असावे. देव्हारा राखायचा म्हणजे रोजची उपकरणी घासायची, सणाला चांदीपितळेचा ढीग चिंचेने नाहीतर पितांबरीने उजळायचा, सोवळ्याओवळ्याची कसरत करायची. आणि हे सगळे करणार कोण, ते ठरलेले. चौकटीतला टाक निदान कुणाचे कंबरडे मोडत नाही. हे अगदी खरे आहे. म्हणून बांधिलकीची भाषा ज्याला आवडते त्याने चिंच हातात घ्यावी. ज्या घरात पुरुष भाषण करतो आणि बाई घासते त्या घराने देव आनंदाने संग्रहालयाला द्यावेत.

उरला जतनाचा मुद्दा. वाडे पडत आहेत, भाऊबंदकीत देव्हारे वाटले जात आहेत, पितळ मोडीत जात आहे. अशा वेळी कुणी हौसेने टाक विकत घेऊन भिंतीवर लावला, तर निदान तो वितळण्यापासून वाचला. हा युक्तिवाद मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. पण जपण्याचेही एक शास्त्र आणि एक ऋण आहे. पूजा वस्तू झिजवते हे अंबाबाईच्या मूर्तीनेच दाखवले. शतकांच्या अभिषेकाने तिची झीज झाली, त्यावर वर्षानुवर्षे वाद चालले आणि अखेर २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी तिच्यावर रासायनिक संवर्धनाची प्रक्रिया केली. श्रीपूजकांना मूर्तीचे तेज हवे, तज्ज्ञांना दगडाचे आयुष्य; दोघांचा झगडा झाला, कारण दोघेही तिला बांधलेले होते. टाऊन हॉलमधल्या पोसायडनला कुणी फूल वाहत नाही, पण तो कुठे सापडला, कशाबरोबर सापडला, याची नोंद आहे आणि तो सर्वांसाठी आहे. देव्हारा आणि वस्तुसंग्रहालय या वस्तूशी वागण्याच्या दोन वेगळ्या पण जबाबदार तऱ्हा आहेत. दिवाणखान्याने या दोन्हींतली एक पत्करावी, एवढेच मागणे आहे. टाक जतनासाठी घेतला असेल तर त्याच्यामागे गावाचे, देवाचे, घराण्याचे नाव चिकटवावे, आणि शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींना १९७२चा पुरावशेष कायदा लागू होतो हे ध्यानात ठेवून रीतसर नोंदणी करावी. सजावटकाराच्या यादीत हा खर्च सहसा नसतो.

शोभेची वस्तू पुढे कधी वारसा होतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. कोल्हापूरचा नवा राजवाडा १८८४ साली पुरा झाला, आराखडा मेजर मांट या इंग्रज अभियंत्याचा. त्याच्या दरबार हॉलच्या खिडक्यांत रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत, म्हणजे ख्रिस्ती चर्चची कला आणि मराठ्यांचा राजा. त्या वेळी कुणी त्याला दिखाऊ म्हटले असते तर ते चूक ठरले नसते. आज ती वास्तू शहराला आपली वाटते, कारण त्या छपराखालच्या घराण्यातून शाहू महाराजांसारखा राजा आला आणि त्याने १९०२मध्ये निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. काचांवरच्या चित्राने जे मागितले असेल ते कुणीतरी दिले, तेव्हा काचा वारशाच्या झाल्या. हा न्याय आपल्या फ्लॅटलाही मिळू शकतो.

आणि कोल्हापूरच्या घरांकडे त्यांची देवी काहीतरी मागते आहे, तेही अगदी प्रत्यक्ष. अंबाबाईचे मंदिर पश्चिमेला तोंड करून आहे. वर्षातून दोनदा, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर अशा परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून, गरुडमंडपातून गाभाऱ्यात येतात आणि पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर पोचतात. हा किरणोत्सव अनेकदा अर्धवट राहतो. ढग आणि धूळ ही कारणे आहेतच, पण किरणांच्या वाटेतली वाढवलेली बांधकामे हेही कारण आहे. अभ्यासकांनी मोजण्या करून अडथळे दाखवून दिले, महापालिकेत चर्चा झाल्या, काही अडथळे हटले, नवे उभे राहिले. ज्या कारागिरांनी ही दिशा साधली त्यांनी शहराच्या एका पट्ट्यावर आकाश मोकळे ठेवण्याचे ऋण घातले आहे. देवीला सजवण्याचा हा उपचार सूर्याचा. घरांनी फक्त आड यायचे नाही. दिवाणखान्यात अंबाबाईची नक्षीदार प्रतिमा लावून गच्चीवर पत्रा चढवणाऱ्याच्या घरात कोल्हापूरची संस्कृती दिसते, असे मी मानत नाही. भिंती कोऱ्या ठेवून गच्ची ठेंगणी ठेवणाऱ्याच्या घरात ती आहे. त्या पट्ट्यात ज्यांची घरे आहेत त्यांनी ९ नोव्हेंबरच्या आधी एकदा वर जाऊन पाहावे. पत्रा, फलकाची चौकट, नको तिथे बसवलेली पाण्याची टाकी. बहुतेक ठिकाणी ते एका दुपारचे काम आहे.